धर्मादाय दौड आणि समाजवादी कार्यकर्ते

जानेवारीच्या मध्यावरील एका रविवारी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरचा रस्ता पहाटेपासून वाहनांना बंद होतो आणि माणसांच्या स्वाधीन केला जातो. त्या माणसांतील थोडी खरीखुरी धावपटू असतात. बेचाळीस किलोमीटरचे अंतर तोडण्यासाठी ती वर्षभर मेहनत घेतात, आणि त्यांच्यातील अग्रेसरांसाठी डॉलरमध्ये मोजली जाणारी बक्षिसे ठेवलेली असतात. परंतु रस्त्याला जत्रेचे रूप येते ते या धावपटूंमुळे नव्हे. ते येते ‘ड्रीम रन’ नावाच्या सुमारे सहा किलोमीटरच्या दौडीमुळे. तीत पहिला-दुसरा क्रमांक नसतो, वेळेची नोंद होत नाही, धावलेच पाहिजे अशी सक्तीही नसते. नवरा-बायको, त्यांची शाळकरी मुले, आते-मामे भावंडे, एका कचेरीतील सहकारी असे घोळके निघतात. कोणी पळते, कोणी रमतगमत चालते, कोणी झाडाचे नाहीतर वाघाचे सोंग घेऊन येते. हातात फलक असतात, छातीवर क्रमांक असतो, आणि सदऱ्यावर एखाद्या सेवाभावी संस्थेचे व त्याहून मोठ्या अक्षरांत एखाद्या कंपनीचे नाव असते. २००४ साली पहिली मुंबई मॅरेथॉन झाली. २०१७ पर्यंत तिच्या नावापुढे स्टँडर्ड चार्टर्ड बँकेचे नाव होते, २०१८ पासून टाटांचे आहे. कोरोनाच्या साथीतील दोन वर्षे सोडली तर हा क्रम अखंड चालू आहे. पुण्याची मॅरेथॉन तर १९८३ पासूनची. आणि आता जिल्ह्याच्या गावीही कर्करुग्णांसाठी, मुलींच्या शिक्षणासाठी, नदीच्या स्वच्छतेसाठी तीन किंवा पाच किलोमीटरची ‘कौटुंबिक दौड’ भरू लागली आहे.

या दौडींत पक्षाच्या कार्यकर्त्यांची कुटुंबेही जाऊ लागली आहेत, ही गोष्ट लपवून ठेवण्यासारखी नाही. मुलीच्या शाळेतून पत्रक येते, मुलाच्या कंपनीतून सदरा येतो, आणि रविवारी सकाळी शाखेची बैठक की मुलांबरोबरची दौड असा पेच घरात उभा राहतो. त्यावर शाखांतून साधारणतः दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. एक उत्तर तिरस्काराचे असते: हा सारा भांडवलदारांचा देखावा आहे, पांढरपेशांची चैन आहे, तेथे समाजवाद्याचे काम काय? दुसरे उत्तर बेफिकिरीचे असते: सकाळची मोकळी हवा आहे, चार पैसे चांगल्या कामाला जातात, त्यात तत्त्वज्ञान कशाला काढायचे? ही दोन्ही उत्तरे विचार टाळण्याची आहेत. पहिल्या उत्तरात माणसे दिसत नाहीत आणि दुसऱ्यात व्यवस्था दिसत नाही.

प्रथम माणसांकडे पाहिले पाहिजे. मुंबईसारख्या शहरात चार माणसांच्या कुटुंबाला एकत्र, मोकळेपणाने आणि भीतीवाचून चालता येईल असा रस्ता वर्षाच्या उरलेल्या दिवसांत शिल्लक नाही. पदपथ फेरीवाल्यांना पुरत नाहीत, चालणाऱ्यांना कोठून पुरणार? मैदाने जिमखान्यांनी आणि बांधकामांनी गिळली. दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेले मूल शहराच्या हमरस्त्याच्या अगदी मधोमध हात पसरून धावते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो कोणत्याही प्रायोजकाने निर्माण केलेला नसतो. हा रस्ता आपला आहे, ही जाणीव त्याला बहुधा पहिल्यांदाच होत असते. अनोळखी माणसांच्या समूहात, एका दिशेने, एका भावनेने चालण्यात जे सुख आहे ते मराठी माणसाला परके नाही. आषाढीच्या वाटेवर शेकडो वर्षे कुटुंबेच्या कुटुंबे ते अनुभवीत आली आहेत. शिवाय या कुटुंबांची देण्याची इच्छाही खोटी नसते. एखादी बँकेतील कारकून आपल्या दहा नातलगांना गाठून एखाद्या अंधशाळेसाठी पैसे जमवते, तेव्हा ती स्वतःच्या संकोचावर मात करीत असते. दुसऱ्यासाठी हात पसरणे सोपे नसते. वर्गणीची पुस्तके घेऊन दारोदार हिंडलेल्या कार्यकर्त्याला हे कोणी सांगायला नको. या भावनेची टिंगल करणाऱ्याला समाजवादाची पहिली इयत्ताही उत्तीर्ण झालेली नाही असे म्हणावे लागेल.

आता व्यवस्थेकडे वळावे. पुष्कळ कुटुंबांची अशी समजूत असते की दौडीसाठी भरलेले नोंदणी शुल्क म्हणजेच दान. तसे नसते. शुल्क हे दौडीत भाग घेण्याचे मूल्य असते आणि ते आयोजनाकडे जाते. संस्थांना मिळतो तो पैसा निराळा: कोणी परिचितांकडून देणग्या जमवतो, कोणी संस्थेमार्फत जादा रक्कम देऊन आपला क्रमांक घेतो, कंपन्या आपल्या नोकरांच्या तुकड्या उतरवतात व त्यांच्या नावे रक्कम देतात. मुंबईच्या दौडीत या देणग्यांची व्यवस्था ‘युनायटेड वे मुंबई’ ही संस्था पाहते, आणि दरवर्षी कोट्यवधी रुपये शेकडो संस्थांपर्यंत पोहोचतात. त्यांतील अनेक संस्था प्रामाणिकपणे काम करणाऱ्या आहेत. त्या पैशातून कोणाचे ऑपरेशन होते, कोणाला शिष्यवृत्ती मिळते. हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु या पैशाला एक वाट आहे, आणि ती वाट कोणी आखली हे पाहण्यासारखे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वापोटी खर्च करण्याचे बंधन घातले. तेव्हा मॅरेथॉनचा खर्चही याच खात्यात टाकण्याची कल्पना काहींना सुचली असावी, कारण जून २०१४ मध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाला एक परिपत्रक काढून स्पष्ट करावे लागले की मॅरेथॉन, पारितोषिके, जाहिराती, दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे प्रायोजकत्व अशा एकवेळच्या कार्यक्रमांवरील खर्च सामाजिक दायित्वात धरला जाणार नाही. म्हणजे दौडीवर लावलेला पैसा हा समाजकार्याचा नसून जाहिरातीचा आहे, हा निर्वाळा कोणा डाव्या टीकाकाराने दिलेला नाही. तो उद्योगस्नेही सरकारच्याच मंत्रालयाने दिला आहे. दुसरी गोष्ट करसवलतीची. मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सूट घेता येते. म्हणजे देणाऱ्याने दिलेल्या रुपयातील काही पैसे प्रत्यक्षात सरकारी तिजोरीने सोडून दिलेले असतात. सार्वजनिक पैसा कोणत्या कामावर खर्चावा याचा निर्णय विधिमंडळात किंवा महापालिकेच्या सभागृहात वादविवाद होऊन व्हावा, हा लोकशाहीचा साधा संकेत. येथे तो निर्णय दात्याच्या आवडीने होतो. सुंदर डोळ्यांच्या बालकाचे छायाचित्र ज्या संस्थेकडे आहे तिच्याकडे ओघ जातो. क्षयाने खंगलेल्या कचरावेचकाचे, वेडसर ठरवून टाकून दिलेल्या म्हातारीचे छायाचित्र कोणी सदऱ्यावर छापीत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट फलकांची आहे. ड्रीम रनमधील फलक हा मोर्चाचा वारसा आहे. तो तेथूनच उचलला गेला. परंतु उचलताना त्यातील एक भाग गळून पडला. ‘मुलगी वाचवा’, ‘पाणी वाचवा’, ‘कुपोषण संपवा’ असे फलक मुले नाचवतात. हे आज्ञार्थ कोणाला उद्देशून आहेत? वाचवायचे कोणी, संपवायचे कोणी? वाक्याला कर्ता नाही. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या बायका लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्याबरोबर निरनिराळ्या पक्षांच्या व कोणत्याही पक्षाच्या नसलेल्या हजारो गृहिणी त्यांत होत्या. त्यांच्या मागणीला पत्ता होता. तेल, साखर, रॉकेल रेशनवर रास्त भावात मिळाले पाहिजे. ते देणे सरकारचे काम आहे. साठेबाजांवर कारवाई करणे अमुक खात्याचे काम आहे. आईबरोबर त्या मोर्चात गेलेल्या मुलाला घरातल्या डब्यात तेल का नाही याचे कारण त्या दिवशी कळले असेल. ड्रीम रनमध्ये गेलेल्या मुलाला जगात दुःख आहे एवढे कळते, त्याबद्दल हळहळ वाटते, आणि आपण धावलो म्हणजे ते थोडे कमी झाले असा समज घेऊन ते घरी येते. दुःखाला कारण असते, आणि कारणाला बहुधा नाव-गाव असते, हा भाग त्याच्या शिक्षणातून वगळला जातो.

यावर कोणी म्हणेल की ही टीका मुंबईच्या झगमगाटाची आहे, धर्मादाय दौडीची नव्हे. आक्षेप रास्त आहे. म्हणून या कल्पनेला जगभर प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या माणसाचेच उदाहरण घ्यावे. टेरी फॉक्स हा कॅनडाचा तरुण. हाडाच्या कर्करोगाने १९७७ साली त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, कृत्रिम पायानिशी त्याने अटलांटिकच्या किनाऱ्यावरून देशाच्या दुसऱ्या टोकाकडे धावण्यास प्रारंभ केला. कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवणे हा हेतू. रोज जवळजवळ एका मॅरेथॉनइतके अंतर याप्रमाणे १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर तो धावला. १ सप्टेंबर रोजी कर्करोग फुप्फुसांत पोहोचल्याचे निष्पन्न होऊन त्याला थांबावे लागले आणि २८ जून १९८१ रोजी, तेवीस वर्षे पुरी होण्याआधी, तो मरण पावला. त्याने वाटेत कोणाची जाहिरात अंगावर घेतली नाही. सप्टेंबर १९८१ पासून त्याच्या नावाने होणाऱ्या दौडीतही ती अट पाळली गेली: चढाओढ नाही, व्यापारी प्रायोजक नाही. पहिल्याच दौडीत सुमारे तीन लाख लोक उतरले, त्यांत कुटुंबेच्या कुटुंबे होती. पुढे भारतासह अनेक देशांत ती भरू लागली. कंपनीचे नाव पाठीवर न छापताही कुटुंबे घराबाहेर पडतात, याला यापेक्षा निराळा पुरावा नको.

परंतु टेरी फॉक्सच्या कथेत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ज्या देशात तो धावला तेथे त्याच्या स्वतःच्या शस्त्रक्रियेसाठी कोणाला धावावे लागले नव्हते. पाय कापण्याचा, औषधांचा, रुग्णालयातील महिन्यांचा खर्च सार्वजनिक विमा योजनेने उचलला होता. त्याचा निधी संशोधनासाठी होता, आईबापांच्या कर्जफेडीसाठी नव्हता. ही योजना ज्याने आणली तो कॅनडातील समाजवादी नेता टॉमी डग्लस. आणि त्याच्याही चरित्राच्या मुळाशी एक पायच आहे. लहानपणी गुडघ्याच्या दुखापतीनंतर हाडाचा विकार जडून त्याचा पाय कापण्याची वेळ आली होती. घरची गरिबी, विनिपेगच्या रुग्णालयात एका शल्यविशारदाला ही शस्त्रक्रिया विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या दृष्टीने उपयुक्त वाटली, म्हणून त्याने ती फुकट केली आणि पाय वाचला. दुसऱ्या एखाद्याने आयुष्यभर त्या डॉक्टरच्या औदार्याचे गोडवे गायिले असते. डग्लसही कृतज्ञ होता, परंतु त्याने निष्कर्ष काढला तो वेगळा: मुलाचा पाय राहावा की जावा हे एखाद्या भल्या माणसाच्या नजरेस पडण्यावर अवलंबून असता कामा नये. शेतकरी, कामगार व समाजवादी यांनी स्थापन केलेल्या कोऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन या पक्षाने १९४४ साली सॅस्कॅचेवान प्रांताची सत्ता त्याच्या नेतृत्वाखाली जिंकली. १९४७ मध्ये रुग्णालयीन विमा आला, आणि १ जुलै १९६२ रोजी, डग्लस संघीय राजकारणात गेल्यानंतर त्याच्या वारसदाराच्या कारकिर्दीत, सर्वांसाठी वैद्यकीय विमा सुरू झाला. त्या दिवशी प्रांतातील डॉक्टरांनी संप पुकारला. तो तीन आठवड्यांहून अधिक चालला आणि मोडला. दहा वर्षांच्या आत देशातील सर्व प्रांतांनी ही योजना स्वीकारली. २००४ साली कॅनडाच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने सर्वश्रेष्ठ कॅनेडियन कोण याविषयी प्रेक्षकांचा कौल घेतला, तेव्हा पहिला क्रमांक डग्लसला मिळाला आणि दुसरा टेरी फॉक्सला. त्या जनतेला या दोन नावांत विरोध वाटला नाही. क्रम मात्र तिने बरोबर लावला.

आपल्याकडे हा क्रम उलटा आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार तो १.८४ टक्के होता, तोही कोरोनाच्या दिवसांतला. आणि देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांच्या स्वतःच्या खिशावर होता. या खिशातून दागिने जातात, जमीन जाते, मुलीची शाळा जाते. अशा समाजात धर्मादाय दौड ही सार्वजनिक व्यवस्थेच्या पुढचे पाऊल न राहता तिच्या अभावावर घातलेले पांघरूण ठरते. १९८६ च्या मे महिन्यात आफ्रिकेतील दुष्काळासाठी ‘स्पोर्ट एड’ या नावाने जगभर एकाच दिवशी दौड झाली. सुमारे दोन कोटी लोक धावले असे सांगितले जाते. दोनच दिवसांनी संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेवरील खास अधिवेशन भरले. तेथे आफ्रिकी देशांनी मांडलेला मुख्य प्रश्न कर्जाचा आणि पडलेल्या मालभावांचा होता. त्या वर्षी आफ्रिकेने धनको देशांना व बँकांना जी परतफेड केली तिच्यापुढे दौडीची झोळी नगण्य होती. धावणाऱ्यांचा त्यात दोष नव्हता. त्यांना कर्जाविषयी कोणी सांगितलेच नव्हते.

मुंबईच्या दौडीत भाग घेणारे आझाद मैदानावर जमतात. याच मैदानाला या शहरात दुसराही उपयोग नेमून दिलेला आहे. मंत्रालयाकडे निघालेले मोर्चे येथे आणून थांबवले जातात. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चच्या पहाटे येथे पोहोचला. तो अखिल भारतीय किसान सभेचा, लाल बावट्याचा होता. त्याला मानाचा मुजरा करताना समाजवाद्यांनी संकोच बाळगण्याचे कारण नाही. त्यातही कुटुंबे होती. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यांतील नवरा-बायको, सासवा-सुना तळपायांच्या सालट्या निघेपर्यंत चालल्या. त्यांच्या हातांतील मागण्यांना पत्ता होता: २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत्या जमिनीचा सातबारा आणि कर्जमाफी. ११ मार्चच्या रात्री त्यांचा मुक्काम शीवजवळच्या सोमय्या मैदानावर होता. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. शहरातील मुलांचा खोळंबा होऊ नये म्हणून दिवसभर चाललेली ती माणसे मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली आणि अंधारात, निमूटपणे, दक्षिण मुंबईत आली. ज्यांच्यासाठी या शहराने एकही रस्ता बंद केला नाही त्यांनी शहराच्या सोयीसाठी आपली झोप दिली. आणि त्या रात्री शहरानेही काही दिले. रस्त्याच्या कडेला नागरिक पाणी, बिस्किटे, चपला घेऊन उभे राहिले. तो धर्मादाय नव्हता. पुढे जाणाऱ्याचा लढा काय आहे हे ओळखून केलेले ते साहाय्य होते, आणि दोहोंतील फरक कार्यकर्त्यांना व्याख्यानापेक्षा त्या एका रात्रीच्या वर्णनाने अधिक समजावून देता येईल. सरकारने लेखी आश्वासने दिली. ती पुरती पाळली नाहीत म्हणून २०१९ आणि २०२३ साली त्यांना पुन्हा निघावे लागले, हेही सांगितले पाहिजे.

आणखी एक तारीख. २१ जानेवारी २०२४ रोजी मुंबई मॅरेथॉन झाली आणि नेहमीप्रमाणे बालकांच्या पोषणासाठी, शिक्षणासाठी अनेकजण धावले. त्या दिवशी महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका व मदतनीस संपावर होत्या. ४ डिसेंबर २०२३ पासून सुरू झालेला त्यांचा संप दीड महिन्याहून अधिक चालला होता. राज्यातील गरीब मुलांना रोज शिजवलेला आहार देणाऱ्या, त्यांची वजने घेणाऱ्या, कुपोषण सर्वांत आधी ओळखणाऱ्या बायका त्या ह्याच. मानधनात वाढ, निवृत्तिवेतन, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली मान्य केलेले उपदान, एवढे त्यांचे मागणे होते. बालकांसाठी धावणाऱ्या सर्वांनी एका फलकावर या बायकांचा नुसता उल्लेख केला असता तरी केवढा फरक पडला असता! तसेच दौड संपल्यावर रस्त्यावरील पाण्याच्या बाटल्यांचा खच उचलणाऱ्या सफाई कामगारांचे. या शहरातील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम नोकरीचा हक्क मिळाला तो २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात, त्यांच्या संघटनेने दहा वर्षे झगडल्यावर. कोणत्याही देणगीने तो मिळाला नसता. (२०१५ साली ही शर्यत नेमकी १८ जानेवारीला आली होती. १९८२ साली त्याच तारखेला अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या दिवशी धावणाऱ्यांत गिरणगावातील नातवंडेही असतील. त्यांना ती तारीख सांगायला कोणी उभे नव्हते.)

कोणी उभे नव्हते, आणि येथे दोष प्रायोजकांकडे ढकलता येत नाही. एके काळी समाजवादी चळवळीकडे कुटुंबाला द्यायला पुष्कळ होते. राष्ट्र सेवा दलाच्या शाखेवर संध्याकाळी मूल जात असे, सुट्टीत शिबिराला जात असे. कलापथकाचा कार्यक्रम असला की आजीपासून नातीपर्यंत सारे घर मैदानात सतरंजीवर बसत असे. १ मेची मिरवणूक हा घरचा सण होता. चळवळीत येणाऱ्याला बायको-मुलांपासून तुटावे लागत नव्हते; ती बरोबर येत होती. हळूहळू हे सारे आक्रसले. आज पुष्कळ ठिकाणी कार्यक्रम म्हणजे भाषण, भाषण म्हणजे दीड तास, आणि श्रोते म्हणजे तेच वीस-पंचवीस पुरुष. सभेची वेळ स्वयंपाकाच्या वेळी, जागा जिना चढून जाण्याची, मुलांना करण्यासारखे काही नाही, बायकांसाठी प्रसाधनगृह नाही. मग रविवारी सकाळी ते कुटुंब दुसरीकडे गेले तर त्याच्यावर वर्गद्रोहाचा आरोप करणे हास्यास्पद आहे. कंपन्यांनी रिकामी झालेली जागा घेतली. त्यांनी पाणी ठेवले, वाद्ये ठेवली, वैद्यकीय मदत ठेवली, आणि लहान मुलालाही छातीवर लावायला एक क्रमांक दिला.

म्हणून ज्यांच्या मुलांना दौडीत जायचे आहे त्या कार्यकर्त्यांनी खुशाल जावे, आणि मुलांबरोबर जावे. मात्र ज्या संस्थेसाठी धावायचे तिच्याकडे कुटुंबाने आधी एकदा जाऊन यावे. ज्या कामासाठी पैसा हवा ते काम कोणत्या सरकारी खात्याचे आहे, त्या खात्याने ते का सोडले, आणि संस्थेतील परिचारिका व शिक्षिका यांना पगार काय मिळतो, हे मुलांसमक्ष विचारावे. चांगल्या संस्थांना असे प्रश्न आवडतात. कारण देणगीच्या भरवशावर रुग्णालय चालवण्याचा जाच त्यांच्याइतका कोणालाच ठाऊक नसतो. आनंदवनात कुष्ठरोग्यांच्या हातांना काम देणाऱ्या बाबा आमटे यांना दानावर पोसलेले पुनर्वसन मान्य नव्हते; तो विचार मानणारी माणसे सेवाभावी संस्थांतून आजही भेटतात, आणि त्यांना एकटे पडल्यासारखे वाटत असते. मिळालेली उत्तरे फलकावर लिहिता येतील. ‘कुपोषण संपवा’ याच्या जागी ‘अंगणवाडी सेविकेला निवृत्तिवेतन द्या’ असे लिहिले तर कोणी दौडीतून बाहेर काढील असे वाटत नाही. काढलेच तर मुलांना त्यातूनही काही समजेल.

शाखांनी करायचे काम याच्या पुढचे आहे. मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प बहुधा फेब्रुवारीच्या आरंभी मांडला जातो, म्हणजे दौडीनंतर दोन-तीन आठवड्यांनी. त्या मधल्या काळात, दौडीत गेलेल्या आणि न गेलेल्या कुटुंबांना बरोबर घेऊन प्रत्येक विभाग कार्यालयावर शिष्टमंडळ नेता येईल: वस्तीतील दवाखान्यात डॉक्टरची जागा किती महिने रिकामी आहे, पालिकेच्या शाळेत किती शिक्षक कमी आहेत, मुलांच्या मैदानाचे काय झाले, एवढेच प्रश्न घेऊन. सकाळी आठची वेळ ठेवावी, रस्ता सावलीचा निवडावा, पिण्याचे पाणी असावे, भाषण एकच आणि दहा मिनिटांचे असावे, आणि मुलांना हातात धरायला फलक असावेत. छातीवर लावायचे क्रमांक दौडीचेच चालतील. ते अजून घरातच पडलेले असतील.